वाळव्याचे तांदळे, रोमची शिळा

इस्लामपुरातून बहेच्या दिशेने निघालं, की गाव संपता संपता ऊस सुरू होतो. या रस्त्याने जाणाऱ्याला सहसा कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या दिसतात, कृष्णेच्या पाण्यावर उभं राहिलेलं हिरवं रान दिसतं. मी आलो होतो दगड बघायला. विहिरीच्या काठावर ओळीने मांडलेले सात गोटे, त्या आसरा. बांधाच्या टोकाला निंबाखाली शेंदराने माखलेला हातभर उंचीचा धोंडा, तो म्हसोबा. वेशीबाहेर मरीआई. कुणालाच नाक नाही, तोंड नाही, हातपाय नाहीत. एखाद्याला कुणीतरी नवसाचे चांदीचे डोळे चिकटवलेले, तेवढीच काय ती ओळख. छिन्नी न लागलेल्या अशा देवाला आपल्याकडे तांदळा म्हणतात.

प्राचीन रोमच्या धर्माविषयी मी बराच काळ वाचत आलो आहे. रोम म्हटलं की आपल्यासमोर संगमरवरी पुतळे उभे राहतात. पण रोमन लेखक स्वतः आपल्या जुन्या देवांबद्दल लिहितात तेव्हा त्यांत धोंडे फार येतात. हद्दीचे धोंडे, पावसाचा धोंडा, तेल ओतलेले चौकातले धोंडे, आणि समुद्रापलीकडून गलबतात घालून आणलेली एक काळी शिळा. वाचताना प्रत्येक पानावर वाळवा तालुका डोळ्यांपुढे यायचा. म्हणून पुस्तकं बाजूला ठेवली आणि इस्लामपूरला मुक्काम धरून सांगली, सातारा, कोल्हापूर असा फेरा मारला.

बहेच्या अलीकडे एका रानात पाणी पाजणारे एक म्हातारे भेटले. बांधावरच्या म्हसोबाला त्या दिवशी नारळ फुटलेला दिसत होता.

“बाबा, हा देव कुणी बसवला?”

“आमच्या आज्ज्यानं रान इकत घेतलं, तवा देवासकट घेतलं. त्याच्या आदी कुनी बसवला, ते काय ठावं न्हाई.”

“कधी हलवावा नाही वाटला? ट्रॅक्टर वळायला अडचण होत असेल.”

“हलवायचा कशापाय? जागा त्येची हाय. आमी मागनं आलो.”

रोमच्या कॅपिटोलाइन टेकडीवर नेमकं हेच घडलं होतं. तिथे ज्युपिटरचं मोठं देऊळ बांधायचं ठरलं, तेव्हा जागेवर आधीपासून असलेल्या लहानसहान देवांना कौल लावून विचारलं गेलं, तुम्ही दुसरीकडे जाल का? बाकीच्यांनी उजवा कौल दिला. तर्मिनुसने दिला नाही. तर्मिनुस म्हणजे हद्दीचा देव, आणि त्याचं रूप म्हणजे एक धोंडा. रोमनांनी तो हलवला नाही. देवांच्या राजाचं देऊळ त्या धोंड्याच्या भोवतीने बांधलं. हद्दीच्या देवावर उघडं आभाळ हवं, म्हणून त्याच्यावरच्या छपराला भोकही ठेवलं. दरवर्षी २३ फेब्रुवारीला गावोगाव या धोंड्यांचा सण असे. दोन्ही शेतांचे मालक आपापल्या बाजूने येत, धोंड्याला हार घालत, कोकरू किंवा डुकराचं पिल्लू कापत आणि शेजारी शेजारी बसून जेवत. नवा हद्दीचा दगड पुरताना खड्ड्यात होम करत, मध आणि दारू ओतत, अन् त्या ऊन राखेवर दगड उभा करत. पुढे कधी तंटा झाला, तर खाली राख-कोळसा सापडतो की नाही यावरून खरी हद्द कळे. हद्दीचा दगड उपटणारा माणूस आणि त्याचे बैल, दोघेही शापित, असा नियम नुमा राजाच्या नावावर सांगितला जाई.

बांध कोरण्यावरून भावकीतल्या भावकीत पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. बांधावरचा म्हसोबा त्या भांडणातला सर्वांत जुना साक्षीदार असतो. मोजणीची साखळी आणि नकाशा नंतर आले.

शेंदराचीही गोष्ट अशीच आहे. आपण तेलात कालवून तो देवाला चढवतो; वर्षानुवर्षं थर चढत जातात आणि मूळचा दगड आत दिसेनासा होतो. रोमन लेखक प्लिनी लिहितो, की सणाच्या दिवशी रोमच्या ज्युपिटरच्या मूर्तीचं तोंड हिंगुळाच्या लाल रंगाने रंगवत. सेन्सर नावाचे बडे अधिकारी निवडून आले, की ज्युपिटरला रंग देण्याचा मक्ता देणं हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक होतं. विजयी सेनापतीसुद्धा मिरवणुकीच्या दिवशी अंगाला हाच रंग लावत. तेलाचं म्हणाल तर उत्तर आफ्रिकेतल्या अर्नोबियस या लेखकाची साक्ष आहे. इसवी सन ३००च्या सुमारास तो ख्रिस्ती झाला आणि मग त्याने मोकळेपणाने लिहिलं, की कालपरवापर्यंत तेलाने चकचकणारा एखादा दगड वाटेत दिसला की मी त्याच्याशी बोलायचो, त्याच्याकडे मागणं मागायचो, जणू त्यात कुणीतरी आहे. धर्म सोडलेल्या माणसाने केलेली ही टीका आहे. तरी मला तिच्यात जुन्या मायेचा ओलावा जाणवतो.

बहे गाव कृष्णाकाठी आहे. नदीच्या मधोमध रामलिंगबेट आहे. रामाने इथे लिंग स्थापलं, कृष्णेला पूर आला, तेव्हा मारुतीने दोन्ही बाहू पसरून पाणी अडवलं आणि प्रवाह दोन अंगांनी वाहू लागला, अशी कथा सांगतात. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे, शके १५७३ मधला. समर्थ आले तेव्हा त्यांना मारुती कुठे दिसेना, म्हणून त्यांनी डोहात बुडी मारून मूर्ती वर काढली, असंही ऐकायला मिळतं. पाणी बेताचं होतं, घाटावर बायका नारळ वाहत होत्या, आणि मला टायबर नदीतलं बेट आठवत होतं. इ. स. पू. २९३ मध्ये रोममध्ये साथ पसरली. रोमनांनी आपले भविष्यग्रंथ उघडून पाहिले, तर ग्रीसमधल्या एपिडॉरसहून वैद्यदेव आणा असं निघालं. गलबत गेलं, देवाचा नाग घेऊन आलं, आणि रोमजवळ पोचल्यावर नाग स्वतःच उतरून टायबरमधल्या बेटावर गेला. इ. स. पू. २९१ मध्ये तिथे या वैद्यदेवाचं, एस्कुलेपियसचं देऊळ झालं. बेटाच्या टोकाला दगडी बांधकाम करून त्याला गलबताचा आकार दिला, देव कशातून आला त्याची आठवण म्हणून. त्या बेटावर आजही इस्पितळ आहे.

देव परगावाहून येतो ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. इस्लामपूरच्या जवळच येडेनिपाणीच्या बाजूला मल्लिकार्जुनाचा डोंगर आहे, त्यालाच विलासगड म्हणतात. पायऱ्या चढून गेलं की कातळात कोरलेलं देऊळ लागतं. त्याच डोंगरावर दर्गाही आहे. श्रावणातल्या सोमवारी इथे माणसांची रीघ लागते. मल्लिकार्जुन हे नाव आंध्रातल्या श्रीशैलाचं, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. तिथून इथपर्यंत ते चालत आलं आहे. श्रीशैलाला जाणं कुणाच्या बापजन्मात जमायचं नाही, म्हणून देवच जवळच्या डोंगरावर येऊन राहिला. खुद्द इस्लामपुरातही दरवर्षी उरूस भरतो तो संभूआप्पा आणि बुवाफन या शिष्य-गुरूंच्या जोड नावाने. कोष्टी शिष्य आणि फकीर गुरू, आणि यात्रा दोघांची मिळून. बाहेरून आलेल्याला घरात घेण्याची या भागाची सवय जुनी आहे.

पेठ नाक्यावरून मोठ्या रस्त्याला लागलो आणि कराड मागे टाकून उंब्रज गाठलं. ही वाट आजची नाही. कराडच्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या स्तूपावर कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही इथली माणसं एवढ्या लांबच्या देवस्थानाशी नातं ठेवून होती.

उंब्रजहून चाफळकडे जाताना माजगाव लागतं. इथला मारुती मला अकराही मारुतींत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला कारण त्याचा दगड आहे. गावाच्या वेशीवर घोड्याच्या आकाराचा एक मोठा पाषाण होता. गावकरी त्यालाच मारुती मानून पूजत. शके १५७१ मध्ये समर्थांनी त्याच पाषाणावर मारुतीचं रूप कोरवून घेतलं आणि त्याची प्रतिष्ठा केली. चाफळला रामाचं एवढं मोठं देवस्थान ज्यांनी उभं केलं, त्यांना नवी घडीव मूर्ती आणवणं काही अवघड नव्हतं. त्यांनी वेशीवरचा धोंडा फेकला नाही, त्याची जागा बदलली नाही. लोकांचा देव जिथे होता तिथे ठेवून त्याला चेहरा दिला. कॅपिटोलाइनवर तर्मिनुसभोवती देऊळ बांधणाऱ्या रोमनांइतकीच ही समज मोठी आहे. मी तर म्हणेन, जास्तच. तिथे दोन देव वेगळे राहिले, इथे एक झाले.

उंब्रजहून थोडं आत, तारळी नदीच्या काठी पाल आहे. या फेऱ्यातला मुख्य मुक्काम हाच. पालचा खंडोबा सांगली-सातारा भागातल्या किती घरांचा कुलस्वामी आहे, त्याला गणती नाही. पौषात मृग नक्षत्रावर इथे खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, तेव्हा नदीचं वाळवंट माणसांनी आणि भंडाऱ्याने पिवळं होतं. मी गेलो तेव्हा यात्रा नव्हती. देवळात मोजकी माणसं होती, एक नवं जोडपं वावरजत्रेला आलं होतं, आणि त्यांच्या मागे उभं राहून निवांत दर्शन झालं. पूर्वी या गावाला राजापूर म्हणत. पालाई नावाच्या गवळणीच्या भक्तीसाठी देव इथे लिंगरूपाने प्रकटला आणि तिच्या नावावरून गाव पाल झालं, असं पुजारी सांगतात. म्हणजे गावाचं नाव देवावरून पडलं नाही, देवाला थांबवणाऱ्या बाईवरून पडलं.

खंडोबा कर्नाटकात मैलार म्हणून ओळखला जातो. बिदरजवळचं आदिमैलार, मिरजेपलीकडचं मंगसुळी, नळदुर्ग, पाल, जेजुरी अशी त्याची ठाणी एकमेकांना जोडत गेली, की धनगर, गवळी, व्यापारी आणि लष्कराच्या जुन्या वाटा नकाशावर उमटतात. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबाचा हा दक्षिणी वारसा मराठी वाचकांपुढे ठेवला. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांबरोबर फिरून त्यांच्या ओव्या गोळा केल्या आणि १९७६ मध्ये बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या तिघांवर ग्रंथ लिहिला. त्या ओव्यांत आणि पंढरीपासून पट्टणकोडोलीपर्यंतच्या देवकथांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. भक्त म्हातारा होतो, दरवर्षीची वारी त्याला झेपत नाही. देव म्हणतो, तू पुढे चाल, मी मागून येतो. मात्र मागे वळून पाहू नकोस. भक्त चालत राहतो. अर्ध्या वाटेत शंका येते, तो वळून पाहतो, आणि देव तिथेच दगड होऊन बसतो. ते त्याचं नवं ठाणं.

आता रोमची शिळा. इ. स. पू. २०५. कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत शिरून तेरा वर्षं झाली होती. आभाळातून दगडांचा पाऊस पडल्याच्या वार्ता वारंवार येऊ लागल्या, तेव्हा सिबिल या द्रष्ट्या बाईचे ते जुने भविष्यग्रंथ पुन्हा उघडले गेले. उत्तर निघालं: परका शत्रू घालवायचा असेल, तर इडा पर्वताची माता पेसिनसहून रोमला आणा. पेसिनस आजच्या तुर्कस्तानात आहे. पाच युद्धनौका घेऊन वकील निघाले, पर्गमॉनचा राजा अट्टालस मध्ये पडला, आणि तिथल्या लोकांनी माता म्हणून जी वस्तू हवाली केली, ती होती एक शिळा. अर्नोबियसने तिचं वर्णन केलं आहे. फार मोठी नव्हती, माणसाच्या हातात सहज मावेल अशी, काळपट, खडबडीत, कोपरे निघालेली. देवीच्या मूर्तीत तोंडाच्या जागी ती बसवलेली होती, आणि भोवती चांदी होती.

हे वाचलं तेव्हा मी पान मिटून बराच वेळ बसलो होतो. आपल्याकडे दगडाच्या अंगावर चांदीचा मुखवटा चढवतात. रोममध्ये चांदीच्या अंगावर दगडाचं तोंड बसवलं. माहूरच्या रेणुकेचा तांदळा तर सगळाच मुख आहे, बाकीचं अंग नाहीच. दोन संस्कृतींची गाठ पडली म्हणून असं झालं, असं मुळीच नाही. घडवलेल्या रूपापेक्षा न घडवलेल्या दगडात देव अधिक खरा आहे, अशी माणसाची जुनी समजूत आहे, आणि ती दोन्हीकडे स्वतंत्रपणे टिकून राहिली.

इ. स. पू. २०४च्या एप्रिलमध्ये गलबत ऑस्टिया बंदराला लागलं. गावातला सर्वांत चांगला माणूस देवीच्या स्वागताला पाठवा, असा डेल्फीच्या देववाणीचा निरोप होता. सेनेटने तरुण स्किपिओ नासिकाला निवडलं. नदीत गलबत रुतलं, तेव्हा जिच्या शीलावर लोक बोट ठेवत होते त्या क्लॉडिया क्विंटाने दोराला हात लावला आणि ते हललं, अशी कथा पुढे रुजली. बायकांनी शिळा हातोहात देत पॅलाटाइन टेकडीवरच्या विजयदेवीच्या देवळात नेली. पुढच्याच वर्षी हॅनिबल इटली सोडून गेला. इ. स. पू. १९१ मध्ये मातेचं स्वतःचं देऊळ झालं. त्याचा चौथरा पॅलाटाइनवर अजून पाहायला मिळतो. दरवर्षी २७ मार्चला ही शिळा गाडीत बसवून अल्मो ओढ्यावर नेत आणि तिला स्नान घालत. कृष्णेच्या काठच्या गावांतून यात्रेच्या आधी पालख्या नदीवर जातात, देवाला आंघोळ घालून वाजतगाजत परत येतात. ते पाहिलेल्या माणसाला अल्मोचं वर्णन परकं वाटणार नाही.

पण रोमने देवीला घेतलं, तिच्या माणसांना घेतलं नाही. तिच्याबरोबर गॅली नावाचे तिचे सेवक आले. ते आपलं पुरुषपण देवीला वाहत, बायकी वस्त्रं नेसत, डफ आणि झांजा वाजवत भिक्षा मागत. कुणाही रोमन नागरिकाने गॅली व्हायचं नाही, मिरवणुकीत चालायचं नाही, असा दंडक होता. ठरावीक दिवशी भिक्षा मागायची मुभा त्यांना असे, एवढंच. सांगली-कोल्हापूर भागातल्या वाचकाला इथे सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते आठवल्यावाचून राहणार नाहीत. डोक्यावर देवीचा जग, हातात परडी, चौंडक्याच्या तालावर पावलं. आपणही त्यांच्या परडीत पीठ घालतो आणि त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करतो. खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या, यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी, यांच्या वाट्याला काय आलं, ते आपल्याला ठाऊक आहे. कर्नाटकाने देवदासी प्रथेविरुद्ध १९८२ मध्ये कायदा केला, महाराष्ट्रानेही पुढे केला. देवाच्या नावाने गरिबाची पोर सोडून देणाऱ्या श्रद्धेचं कौतुक मला करता येणार नाही. गॅलींना हिणवणारे रोमन आणि जोगत्यांना हसणारे आपण, यांत मला फरक दिसत नाही.

रोममध्ये दुसरीही एक शिळा आली, आणि तिची गत वेगळी झाली. सीरियातल्या एमेसात, म्हणजे आजच्या होम्समध्ये, एलागाबाल नावाचा सूर्यदेव होता. त्याचं रूप म्हणजे वर निमुळता होत गेलेला मोठा काळा पाषाण. तो आभाळातून पडला असं लोक मानत. त्याचा वंशपरंपरेचा पुजारी इ. स. २१८ मध्ये चौदाव्या वर्षी रोमचा सम्राट झाला आणि देवाला बरोबर घेऊन आला. पॅलाटाइनवर त्याने देवासाठी देऊळ बांधलं. देवाचं लग्न करायचं ठरवलं. आधी रोमची पवित्र पॅलस देवी आणली, मग ती फार लढाऊ आहे म्हणून कार्थेजची उरेनिया मागवली, आणि साम्राज्यातल्या प्रजेला आहेर करायला लावला. दर उन्हाळ्यात देव सहा पांढऱ्या घोड्यांच्या सोन्याच्या रथातून निघे. रथात माणूस बसत नसे. सम्राट लगाम धरून रथापुढे उलटा धावे, तोंड देवाकडे, पाठ वाटेकडे. इतिहासकार हेरोडियनने हे वर्णन करून ठेवलं आहे.

आपला भक्त पुढे बघत चालतो आणि देव मागून येतो. एमेसाचा पुजारी देवावरची नजर हलवत नाही आणि वाट त्याच्या पाठीला असते. पालच्या पायरीवर बसून मी या दोन चित्रांचा विचार करत होतो. भक्ती दोघांचीही खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण त्या पोराला आपला देव सोडून काही दिसत नव्हतं. ज्या गावात देव न्यायचा त्या गावाकडे त्याची पाठ होती. मातेची शिळाही आपल्या देवाच्या देवळात हलवायचा त्याचा बेत होता, असं त्याच्या जुन्या चरित्रात म्हटलं आहे. २२२ मध्ये सैनिकांनी त्याला मारलं, आणि काळा पाषाण एमेसाला परत पाठवला गेला. पन्नासेक वर्षांनी, २७४ मध्ये, ऑरेलियन बादशहाने अजिंक्य सूर्याचं देऊळ बांधलं. या वेळी सूर्य रोमला मानवला.

लग्न खंडोबाचंही लावलं गेलं. लिंगायत वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई या त्याच्या दोन बायका. त्या कुणा राजाच्या हुकमाने आल्या नाहीत. देव ज्या ज्या समाजात गेला, त्या त्या समाजाने त्याला मुलगी दिली, म्हणजे जावई करून घेतलं. जावई झालेला देव परका राहत नाही. पालच्या लग्नात मान कुणाकुणाचा, काठी कुणाची, भंडारा कुणी आणायचा, हे ठरलेलं असतं, आणि त्यावरून रुसवेफुगवेही होतात. कारण देव सगळ्यांच्या नात्यातला आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत पहिल्या मानाची सासनकाठी सातारा जिल्ह्यातल्या पाडळी निनामची. देऊळ कोल्हापूरच्या डोंगरावर, पण मूळ देऊळ कराडजवळच्या किवळच्या नावजी सयाने बांधलं असं सांगतात. असे धागे गावागावांत विणलेले असले, की देव उपटून परत पाठवता येत नाही.

शिखर शिंगणापूरला धावती भेट झाली. माणदेश कोरडा, डोंगर उघडा, आणि वर गाभाऱ्यात जोडीने नांदणारी दोन लिंगं. चैत्रात शिव-पार्वतीचं लग्न लागतं आणि द्वादशीला सासवडच्या भुतोजी तेल्याची कावड मुंगी घाटाच्या उभ्या कड्याने वर चढते. माणसांची साखळी करून, हातोहात पाणी वर नेऊन ते देवावर ओततात. पाऊस ओढ देतो तेव्हा गावोगाव महादेवाचा गाभारा पाण्याने भरून देव पाण्यात ठेवतात, ते आठवलं. रोमलाही पावसाचा दगड होता. कापेना दरवाजाबाहेर, मंगळाच्या देवळापाशी तो असे, आणि अवर्षण पडलं की पुजारी तो ओढत शहरात आणत. रोममध्ये दगड पाण्यासाठी हलवला, माणदेशात पाणी दगडासाठी हलवलं. मागणं एकच.

परतीच्या वाटेवर इस्लामपूर ओलांडून कोल्हापूरला गेलो. टाऊन हॉलच्या संग्रहालयात एक लहानशी कांस्यमूर्ती आहे, वीतभरही नसेल. समुद्रदेव पोसायडन. १९४०च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात ती इतर कांस्यवस्तूंबरोबर सापडली. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराची ती खूण आहे. कारागिरी अशी, की स्नायू न् स्नायू दिसावा. रोमचा देव खरोखर या भागात, इस्लामपूरपासून तासाभराच्या अंतरावर येऊन पोचला होता. पण त्याच्या मागे भक्त चालत आला नव्हता. त्याला कुणी नैवेद्य दाखवल्याची, कुणी मुलगी दिल्याची, कुणाच्या घरचा तो कुलस्वामी झाल्याची काही खूण नाही. तो माल म्हणून आला आणि माल म्हणून मातीत गेला. आजूबाजूच्या शिवारांतले बिनचेहऱ्याचे तांदळे मात्र पूजेत राहिले.

एक गोष्ट या फेऱ्यात सारखी खटकत राहिली, ती सांगतो. गावोगाव जीर्णोद्धार चालू आहेत. पैसा आला आहे, लोकांची हौस आहे, ते चांगलंच आहे. पण बऱ्याच ठिकाणी नव्या देवळात गुळगुळीत संगमरवरी मूर्ती येते, भिंतींना फरशा लागतात, आणि पिढ्यान् पिढ्या पूजलेला तांदळा मागच्या बाजूला झाडाखाली, जुन्या कौलांच्या ढिगाशेजारी जाऊन पडतो. वीरगळ आणि सतीशिळांची तर पायरीच होते. एका देवळामागे असा तांदळा मी पाहिला. शेंदराचा थर अजून अंगावर होता. नवी मूर्ती बाजारात पुन्हा मिळेल. हा दगड मिळणार नाही. त्याच्याबरोबर तो कुठून आला, कुणाच्या मागे चालत आला, कोणत्या घराचा त्याच्यावर मान आहे, ही सगळी आठवणही जाते, आणि ती कुठल्याच सरकारी दप्तरात लिहिलेली नसते.

तुमच्या गावात जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू झाली असेल, तर पहिल्याच बैठकीत विचारा, जुना तांदळा कुठे राहणार आहे. त्याला गाभाऱ्यातली त्याची जागा द्या; नवी मूर्ती मागे किंवा शेजारी बसेल. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्याची कथा ऐकून वहीत उतरवून ठेवा, तारखेसह, त्यांच्याच शब्दांत.